बघायचा राहिलेला केर

तमाम जनतेस, आणि त्यातही रविवारी सकाळी एकसारखे टी-शर्ट घालून समाजसेवेला बाहेर पडणाऱ्या तरुण मंडळींस, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या वृद्धाश्रमात खोली नंबर सहामधला केर दाराबाहेर काढण्यास सक्त मनाई आहे. केर आत काढावा. उंबऱ्यापासून सुरुवात करून खोलीच्या मध्यावर आणावा. तिथून तो वर्तमानपत्रावर घ्यावा, खिडकीशी न्यावा, चष्मा लावून नीट बघावा आणि मगच टाकावा. कसूर करणाऱ्याची गय केली जाणार नाही.

हा हुकूम माझा नव्हे. मी या आश्रमाची व्यवस्थापिका आहे खरी, पण माझे हुकूम इथली मांजरंसुद्धा मानत नाहीत. हुकूम होता खोली सहामधल्या आबांचा. आबा आता नाहीत, त्यामुळे कायद्यानं बघायला गेलं तर हुकूमही उरलेला नाही. तरीसुद्धा तो मी इथे जाहीर केला, कारण आबांची ओळख करून द्यायची तर केरापासूनच सुरुवात करावी लागते.

आबा मूळचे विट्याजवळच्या एका गावचे. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. जुना दागिना मुशीत वितळवायचा, तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोनं हातावर ठेवायचं, याला गलाई म्हणतात. आबा मिसरूड फुटायच्या आधी मदुराईला गेले आणि गुडघे गेल्यावर परत आले. मधलं सगळं आयुष्य भट्टीसमोर. मूलबाळ नव्हतं. दुकान पुतण्याच्या ताब्यात दिलं, गावच्या घरात दोघांचं दोघांना होईना, म्हणून नवरा-बायको आमच्याकडे राहायला आले.

ते आले तो दिवस मला लख्ख आठवतो. रिक्षातून उतरले, दारापर्यंत आले आणि आत यायच्या ऐवजी थांबले. पायातल्या वहाणा काढल्या, खिशातून कागद काढून खाली पसरला आणि वहाणा त्यावर उलट्या करून हळूहळू आपटायला लागले. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी. (नव्या माणसाला आम्ही ओवाळून आत घेतो. नाटक आहे, पण चांगलं नाटक आहे.) निरांजन विझायची वेळ आली तरी यांचं आपटणं संपेना. तेव्हा मागून हौसाबाई, म्हणजे त्यांची बायको, कडाडल्या :

"आवं, चला की आत! हितं रस्त्यात सोनं पडल्यालं न्हाई. त्या बाईंचा हात दुखाय लागला."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सारी दुनिया केर भाईर काढती म्याडम, आमचं येडं आत काढतंय. लगीन झालं तवापासनं हेच. मी म्हटलं, ह्या गड्यानं मला तरी नीट बघून आणलंय का तसंच उचलून आणलंय!"

आबा वहाणा हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "तुला बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर टाकली असती."

हौसाबाई इतक्या हसल्या की शेवटी मीच त्यांना धरून आत आणलं. हे त्यांचं नेहमीचं होतं. दोघांचं भांडण ऐकायला शेजारच्या खोल्यांतली माणसं दारं उघडी ठेवायची.

सांगायचा मुद्दा, गलाईच्या दुकानात केराला फार मान. भट्टीतून, कानशीतून, हाताळण्यातून सोन्याचा कण कुठे उडेल सांगता येत नाही. म्हणून तिथे झाडलेलं काही फेकत नाहीत. केर साठवतात, मग जाळतात, धुतात, आटवतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवून ठेवतात. दारातलं पायपुसणं जुनं झालं की तेही जाळून त्याची राख गाळतात. आबांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की आमच्याकडे, जिथे जमिनीवर शेंगदाण्याची फोलं आणि औषधाच्या गोळ्यांची वेष्टणं यापलीकडे काही पडत नाही, तिथेही त्यांचा नेम चुकला नाही. सकाळी उठून स्वतः झाडायचे. आत झाडायचे. कागद घेऊन खिडकीशी बसायचे आणि एका बोटानं केर पसरून बघायचे. शर्टचं बटण, तुटलेली सुई, अर्धी गोळी असलं काही निघालं की बाजूला काढायचे. मग मान हलवून म्हणायचे, "झालं बघून. आता ह्येचा आपला संबंध तुटला." आणि टाकून द्यायचे.

झाडलोट करणारी आमची शालन पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली. "म्याडम, त्ये मला उंबरा वलांडू देत न्हाईत. म्हणत्यात, तुझा हात भाईर वळतोय."

समोरच्या खोलीतले सुभेदार तर आबांच्या हात धुऊन मागे लागलेले. कराडकडचं ऊसवाल्यांचं घराणं, उभी हयात फौजेत, आवाज असा की कवायतीच्या मैदानावरून अजून परतलाच नाही. रोज सकाळी दारात उभे राहून हाक द्यायचे, "क्यों गलाईवाले! आज किती निघालं? तोळा? दोन तोळं?"

"तुमच्या अकलेएवढं निघालं सुभेदार," आबा मान वर न करता म्हणायचे. "चिमटीत घावंना."

एकदा सुभेदारांच्या कवळीतला दात पडला. आबांनी आख्ख्या जेवणघराचा केर स्वतःच्या खोलीत मागवून घेतला. दिवसभर कागदावर कागद पसरून बसले. जेवले नाहीत. संध्याकाळी दात सुभेदारांच्या सदऱ्याच्या खिशात निघाला. सगळे हसले, सुभेदार ओशाळले, आबा मात्र समाधानात होते. "केरात न्हवता ह्ये तरी पक्कं कळलं," म्हणाले. "बघितल्याबिगर कळलं असतं व्हय?"

आता एका दिवसाच्या पाहुण्यांबद्दल सांगते.

आमच्यासारख्या आश्रमांत हल्ली सुट्टीच्या दिवशी कंपन्यांमधली तरुण मंडळी येतात. बस येते, मुलं उतरतात, टी-शर्टवर काहीतरी मनाला भिडणारं लिहिलेलं असतं. दिवसभर काम करतात आणि संध्याकाळी जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मनानं फार चांगली असतात ती. पण प्रत्येक तुकडीला कुंपणाची भिंत रंगवायची असते, त्यामुळे आमच्या भिंतीवर रंगाचे इतके थर बसलेत की ती दोन बोटं रस्त्यात सरकली असेल. प्रत्येक तुकडीला केक कापायचा असतो. एका आठवड्यात आमच्या दहा नंबरच्या आजींचा वाढदिवस तीनदा साजरा झाला. शेवटी त्या मला म्हणाल्या, "अहो, एवढ्या भरभर वाढायला लागले तर मी पुढचा महिना कशी बघणार?"

बाकीची मंडळी या पाहुण्यांना कंटाळायची, कुरकुरायची. आबा कधीच नाही. बस फाटकात शिरली की ते टोपी घालून व्हरांड्यात जाऊन बसायचे आणि इतरांना दम द्यायचे : "तोंडं सरळ करा रं. पोरं लांबनं आल्यात. हसायला काय डाक्टरची चिठ्ठी लागती का?" कुणी गाणं म्हटलं की वन्स मोअर यांचा. कुणी बेचव खिचडी केली की दुसऱ्यांदा वाढून घेणार हे. मी एकदा विचारलं, "आबा, खरंच आवडली?"

"काय आवडायचं वो? मीठ न्हाई, तिखट न्हाई. पण पोर वाढाय उभी हाय, तिच्याम्होरं ताट सारायचं व्हय?"

हौसाबाई होत्या तोवर हे सगळं दोघांचं नाटक असायचं. त्या पाहुण्या मुलींना कोपऱ्यात घेऊन नवऱ्याच्या चहाड्या सांगायच्या, आणि आबा लांबून ओरडायचे, "खोटं हाय समदं!" पाहुणे खूष, आम्ही खूष.

मग हौसाबाई गेल्या.

सकाळी उठून, न्हाऊन, कॉटवर बसल्या होत्या. छातीत कळ आली म्हणाल्या. आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. दारातून स्ट्रेचर नेताना त्या आबांना म्हणाल्या, "केर काढायचा ऱ्हायलाय बगा आज." आबा म्हणाले, "काढतू. तू ये जाऊन." त्या परत आल्या नाहीत.

कृष्णाकाठी सगळं उरकून आम्ही संध्याकाळी आश्रमात परतलो. आबांनी आंघोळ केली आणि केरसुणी घेतली. मी दारात उभी होते. त्यांनी उंबऱ्यापासून आत झाडत आणलं, कॉटखालून झाडलं, तिच्या उशाशी झाडलं, सगळं मध्यावर आलं. पण कागद घेतला नाही. हौसाबाईंच्या जुन्या लुगड्याचं एक फडकं काढलं, त्यात तो केर भरला, गाठ मारली आणि ती पुरचुंडी कॉटखाली भिंतीशी सारून ठेवली.

मी म्हटलं, "आबा, बघायचा राहिला ना?"

"ऱ्हाऊ द्या म्याडम."

"मी बघू का?"

"नगो." ते केरसुणी कोपऱ्यात ठेवायला वळले. "बघितलं की टाकावं लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून रोजचा नेम पुन्हा सुरू. रोजचा केर आत, रोजचा केर खिडकीशी, बघून झाला की बाहेर. ती पुरचुंडी मात्र जागच्या जागी. झाडताना तिच्याभोवतीनं झाडायचे, झोपलेल्या माणसाभोवतीनं झाडावं तसं. एकदोनदा मी त्यांना ती मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं. गाठ सोडलेली नव्हती. गाठीवर नुसता अंगठा फिरत होता.

लपवाछपवी नव्हती, त्यामुळे आश्रमात अफवा पसरायला वेळ लागला नाही. सुभेदारांनी जाहीर करून टाकलं की गलाईवाल्यानं बायकोचे दागिने गाठोड्यात बांधून ठेवलेत. "सोनं हाय, सोनं! नाहीतर कोण केर जपून ठेवतंय?" आबांनी कधी खंडन केलं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प होते. माझ्यासारख्या बडबड्या बाईला गप्प राहणं किती जड जातं, हे मला ओळखणाऱ्यांना विचारा.

कराडलगतच्या मलकापूरहून एका कंपनीतली तरुण इंजिनिअर मंडळी आली तो दिवस त्यानंतरचा. त्यांची पुढारी श्रुतिका नावाची मुलगी, चुणचुणीत. उतरल्या उतरल्या म्हणाली, "मॅडम, आज भिंत नाही, केक नाही. आज आम्ही सगळ्या खोल्या आतून स्वच्छ करून देणार." मी तिला मिठीच मारली. नवं काहीतरी! प्रत्येक खोली दोघांना वाटून दिली आणि बजावलं, "सहा नंबर सोडून. तिथले आबा स्वतःच झाडतात, त्यांना दुसऱ्याचा हात चालत नाही." श्रुतिकानं मान डोलावली आणि सगळ्यांना तसं सांगितलं.

आबांची खोली वगळली होती, म्हणून नुसत्या आबांच्या सोबतीला ओंकार आला. पंचविशीचा, उंच, लाजरा. वडील फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात चादरीला सुरकुती पडली तरी चौकशी व्हायची, असं तो स्वतःच हसत सांगत होता. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"काय करतूस रं?"

"इंजिनिअर आहे आबा."

"इंजनेर! मग माझी नखं काढ. जमंल का मशीन लागंल?"

ओंकारनं व्हरांड्यात बसून त्यांची नखं काढली. एकूण एक तुकडा कागदावर गोळा करायला आबांनी लावलं. "आमच्या धंद्यात नखातबी सोनं ऱ्हातंय. कारागीर घरला निघाला की आधी हात बघायचे. मग सोडायचा."

"म्हणजे चोर समजायचे?"

"चोर कशापायी? सोनं माणसाला चिकटतंय, माणूस सोन्याला न्हाई. त्येचा काय दोष?" मग मिस्किलपणे, "लगीन झालं का तुझं?"

"नाही अजून."

"करू नगंस. केलंस तर भांडणारी कर. न भांडणारी बायकू गेली तर माणसाला कळतबी न्हाई." हे बोलून ते स्वतःच मोठ्यानं हसले. ओंकार हसला, मग त्याचं हसू अर्ध्यात थांबलं. त्यानं त्यांचा हात हातातून लगेच सोडला नाही. हे मी ताट पुसता पुसता पाहिलं.

दुपारी जेवणानंतर दिवाणखान्यात गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. आबांना मध्यभागी बसवलं. आणि त्या दिवशी आबा काय रंगले म्हणता! त्यांनी मदुराईच्या गिऱ्हाइकाची नक्कल केली. तमिळमध्ये घासाघीस, विट्याच्या भाषेत शिव्या, मध्येच हौसाबाईंच्या आवाजात "आवं, द्या की त्येला, पोटुशी बाई हाय त्येची!" हौसाबाई गेल्यापासून त्यांच्या आवाजाची नक्कल त्यांनी पहिल्यांदाच केली. मी उभ्या उभ्या डोळे पुसत हसत होते. सुभेदार मांडीवर थापा मारत होते.

आणि त्याच वेळी ओंकार खोली नंबर सहामध्ये होता.

त्याला कुणी पाठवलं नव्हतं. सूचना त्यानं ऐकली होती. पण दुपारी तो सगळ्या खोल्यांवरून फिरून आला. त्या चकाचक झाल्या होत्या, पडद्यापासून दिव्याच्या बटणांपर्यंत. फक्त सहा नंबर तशीच. त्याला वाटलं, संध्याकाळी सगळे म्हातारे आपापली खोली बघून हरखतील आणि आबा एकटेच जुन्या खोलीत जाऊन बसतील. बरं दिसणार नाही. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नाही, म्हणून कॉटखालचं राहत असेल. आपण गुपचूप करून ठेवू. त्यानं मनापासून केलं. जाळी काढली, काचा पुसल्या, कॉट सरकवून भिंतीपर्यंत फरशी घासली. बराकीत घालतात तशी ताठ चादर घातली. जमलेला कचरा पिशवीत भरला, पिशवी या मंडळींनी बरोबर आणलेल्या टेम्पोत गेली, आणि टेम्पो गावाबाहेरच्या कचरा डेपोवर.

भेंड्या संपल्यावर तो आबांना घ्यायला आला. त्यांचे डोळे त्यानं मागून आपल्या हातांनी झाकले होते. आबा चाचपडत, हसत चालत होते. "कुठं न्हेतूस रं? बाई दाखवाय न्हेतूस का?" मागे सगळी मुलं, दोघातिघांच्या हातात मोबाइल चालू. मी जेवणघरातून धावत गेले तोवर ते दारात पोचले होते.

ओंकारनं हात काढले.

आबांनी खोली बघितली. भिंती बघितल्या, काचा बघितल्या. मग कॉटच्या कडेला धरून एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि खाली वाकून पाहिलं. फरशी आरशासारखी होती. मुलं बघत उभी. त्यांना वाटलं, आजोबा तिथलीही स्वच्छता तपासताहेत. एका मुलीनं तर "सो स्वीट!" असं म्हटलंही.

आबा बराच वेळ वर आले नाहीत. मग उठले, टोपी नीट केली, मोबाइलकडे बघून हसले आणि म्हणाले, "लय झ्याक केलंसा. लय कष्ट घेतलंसा पोरांनू."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर आबांनी ओंकारला अगदी हळू विचारलं, "कॉटखालचं गठुडं कुठं ठेवलंस गड्या?"

ते ऐकायचा अवकाश, सुभेदार दारातून गरजले : "सोनं गेलं! गलाईवाल्याचं सोनं गेलं!"

पुढची काही मिनिटं काय झाली ते विचारू नका. मोबाइल बंद झाले. श्रुतिकानं टेम्पोवाल्याला फोन लावला. गाडी रिकामी झाली होती आणि डेपोवर जेसीबीनं ढीग सारखा केला होता. ती ओंकारवर ओरडली, "सांगितलं होतं ना सहा नंबर नाही म्हणून!" मग आबांचे हात धरून रडायला लागली, "आजोबा, आम्ही भरून देऊ हो, काहीही करून देऊ." सगळ्यांच्या नजरा ओंकारवर. सुभेदारांची नजर तर त्याच्या खिशांवर. मी "सोनं नव्हतं, सोनं नव्हतं" म्हणत होते, पण त्या गलक्यात माझं कोण ऐकतंय? आबांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांनी ओंकारला एकच प्रश्न विचारला.

तो प्रश्न आणि ओंकारचं उत्तर शेवटी सांगते. आधी पुढचं उरकून घेते, कारण ते सांगताना माझा आवाज जरा तरी शाबूत राहतो.

त्या संध्याकाळी ओंकार बसमध्ये चढला नाही. डेपोवर गेला. अंधार पडल्यावर, अंगाला घाण वास येत, रिकाम्या हातांनी परत आला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला. आबांनी त्याला आत बोलावून घेतलं, आंघोळीला पाणी काढायला लावलं, स्वतःचा सदरा घालायला दिला. त्यानंतर तो येतच राहिला, टी-शर्ट न घालता, एकटा. आबा त्याला "ये रं इंजनेर" म्हणायचे. तो नखं काढायचा. तुकडे कागदावर गोळा करायला आता त्याला कुणी सांगत नव्हतं. तो करायचाच. आबा बघायचे नाहीत.

कारण आबांनी केर काढणं सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शालन घाबरत घाबरत दारात गेली, तर ते म्हणाले, "ये बाई. काढ." ती म्हणाली, "आबा, पाय वर घ्या," तसे त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही पाय कॉटवर घेतले. तिनं केर बाहेर काढला. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. शालन माझ्याकडे येऊन पदरात तोंड खुपसून रडली. म्हणाली, "त्येंनी मला वरडाय पायजे हुतं वो."

सुभेदारांना तर काय करावं कळेना. ज्या माणसाची वर्षानुवर्षं थट्टा केली, तोच थट्टेला जागा ठेवीना. एक दिवस मी बघते तर सुभेदार, दुखऱ्या कमरेनिशी, केरसुणी घेऊन सहा नंबरच्या उंबऱ्यापासून आत झाडताहेत. घामानं डबडबलेले. केर त्यांनी वर्तमानपत्रावर घेतला आणि आबांच्या पुढ्यात धरला.

"गलाईवाले, देखो तो सही. कुछ है क्या?"

आबांनी कागदाकडे पाहिलं नाही. सुभेदारांच्या हातावर हात ठेवला. "टाका सुभेदार. केर हाय."

माझ्याशी त्या दिवसाबद्दल ते एकदाच बोलले. मी ओंकारवर मनातून चिडलेली होते, ते त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "म्याडम, त्या पोराला रागं भरू नगा. माझ्याच्यानं हुईत न्हवतं, त्ये त्येनं केलं." आणि मग पाहुण्यांची एक बस फाटकात आली, तसे टोपी शोधायला लागले. टोपी सापडेपर्यंत मुलं उतरून आतही आली होती, तरी ते गेले, व्हरांड्यात बसले आणि हसले. आत परतल्यावर तोंड भिंतीकडे करून झोपले. जेवायला उठले नाहीत.

थंडी सुरू झाली तेव्हा आबा एका दुपारी झोपेतच गेले. पुतण्या मदुराईहून निघाला होता, पण इतका वेळ थांबणं शक्य नव्हतं. खांदा द्यायला सुभेदार काठी टाकून पुढे झाले. ओंकार मलकापूरहून येऊन पोचला, तो कुणाशी एक शब्द बोलला नाही. मला वाटतं, सहा नंबर साफ केली त्या दुपारपासूनच तो कमी बोलायला लागला असावा.

कारण त्या दुपारी तो जे बोलून गेला ते त्याचं त्यालाही तेव्हा कळलं नव्हतं. आबांनी हात वर केला होता. आबांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "गड्या, गाठ सोडून बघितलंस, का तसंच टाकलंस?"

मला कळलं ते काय विचारताहेत. त्या पोराला वाटलं, त्याच्यावर आळ आला. त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या माणसांत आपण चोर नाही हे पटवून द्यायला तो जिवाच्या आकांतानं ओरडला :

"बघितलं आबा, आईशप्पथ, गाठ सोडून नीट बघितलं आणि मगच टाकलं! सोनंबिनं काही नव्हतं हो त्यात, नुसता पांढऱ्या केसांचा एक गुंतवळ होता आणि हिरव्या बांगडीचा तुकडा!"